परसातला पालक आणि मातीतले शिसे



परसात मेथी, पालक, अळू लावणारी आपली ज्येष्ठ मंडळी नेहमी म्हणतात, "रोप जोमात आहे, म्हणजे माती चांगली." शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांच्या बाबतीत हे खरे नाही.

रोप स्वतःचा बचाव करते. शिसे बहुतेक मुळातच अडकते. कॅडमियम आत शिरले, तर पेशी त्याला बांधून ठेवणारे पदार्थ बनवतात आणि आपल्याच आतल्या एका कप्प्यात कोंडतात. पान हिरवेगार राहते, पण कोंडलेले विष पानातच असते, आणि ती भाजी आपण नातवंडांना भरवतो. लहान मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही.

सगळ्या भाज्या सारख्या नाहीत. टोमॅटो, भेंडी, दुधी यांच्या फळात हे धातू कमी पोचतात. पालक कॅडमियम सहज ओढतो. मुळा-गाजराला शिशाची माती चिकटते, म्हणून सोलूनच घ्यावे. पालेभाजीवर तर धूळच बसते, ती दोन-तीन पाण्यांनी धुवावी. आपली मोहरी धातू इतके सोसते, की दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठीही तिचे प्रयोग झाले आहेत!

शेजारच्या डरहॅममध्ये जुन्या कचराभट्ट्यांच्या जागी झालेल्या सार्वजनिक बागांच्या मातीत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना शिसे आढळले. 2022 मध्ये ते उघड झाले. कॅरीतली बहुतेक घरे 1978 नंतरची, म्हणजे शिशाच्या रंगावर बंदी आल्यानंतरची. मला इथे काळजी वाटते ती जुन्या डेकच्या फळ्यांची. 2003 अखेरपर्यंत घरगुती लाकडाला आर्सेनिक असलेले रसायन दिले जाई. अशा फळ्या वाफ्याला लावू नका, जाळूही नका.

इथली लाल चिकणमाती आम्लधर्मी असते. चुना आणि भरपूर कंपोस्ट घातले की शिसे, कॅडमियम रोपाला कमी मिळतात. चुना किती, ते राज्याच्या कृषी खात्याच्या माती तपासणीत कळते. एप्रिल ते नोव्हेंबर ती मोफत आहे, एरवी नमुन्याला 4 डॉलर. शिसे त्यात येत नाही, त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

ज्यांना वाकता येत नाही, अशा सभासदांना कमरेइतके उंच वाफे करून देण्याचे काम आपले स्वयंसेवक करत आहेत. नव्या सीडरच्या फळ्या, पिशवीबंद माती, कंपोस्ट किंवा शनिवारचे दोन तास, जे जमेल ते द्यावे. वाफा हवा असेल त्यांनीही संकोच न करता मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावे.