देवळालीचा ताप

एखाद्याचं डोकं फिरलंय असं म्हणायचं असेल, तर इंग्लंडमध्ये आजही म्हणतात, 'ही हॅज गॉन डूलॅली.' हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली. कसारा घाट चढून गाडी इगतपुरी, लहवित मागे टाकते आणि नाशिकरोडच्या आधी जिथं थांबते, ती तोफखान्याची देवळाली.

1860च्या दशकात ब्रिटिशांनी इथं लष्कराची छावणी वसवली. विलायतेहून मुंबईला उतरलेले शिपाई इथून देशभरच्या पलटणींत जायचे आणि नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई घरी परतण्याआधी इथंच आणून ठेवले जायचे. सगळा घोळ या परतीचाच होता. फौजेची जहाजं सुटायची फक्त थंडीच्या मोसमात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत फेब्रुवारीत भरली, तो सुटला. ज्याची एप्रिलात भरली, त्यानं अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत काढायचा. नोकरी संपलेली, हाताला काम नाही, घर हजारो मैलांवर. दिवस ढकलायचे आणि रात्री दारू. कुणी आजारी पडे, कुणी मारामारी करून कोठडीत जाई, कुणी खरोखरच भ्रमिष्ट होई. हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्सच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या 1936 सालच्या पुस्तकात या ताटकळण्याचं वर्णन आहे.

शिपायांचा मूळ शब्दप्रयोग होता 'डूलॅली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे. कोशकार तो हिंदुस्थानीतल्या तापाशी जोडतात. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे ताप अंगात असतो, तसा डोक्यालाही असतो. पुढे इंग्रजांच्या तोंडून टॅप गळाला आणि वेडेपणाचा सगळा भार एकट्या गावाच्या नावावर आला.

मला हा त्या गावावर अन्याय वाटतो. देवळालीची हवा इतकी चांगली, की मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबं हवापालटाला तिथं जात आली, सॅनिटोरियम उभी राहिली. माणसं बिघडली ती त्या हवेनं नव्हे, सुटका होऊनही घरी जाता येईना म्हणून.

याच शिपायांनी आपले आणखी कितीतरी शब्द नेले. चिठ्ठीचं 'चिट' झालं, 'देखो'चं 'डेको'. पण डूलॅलीशेजारी ठेवावा असा शब्द एकच, 'ब्लायटी'. तो आला 'विलायती'वरून. इथल्या माणसानं परक्या मुलखासाठी वापरलेला शब्द गोऱ्या शिपायानं स्वतःच्या घरासाठी उचलला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत बसलेले ब्रिटिश शिपाई 'ब्लायटी' मिळावी अशी आस धरत. तिथं ब्लायटी म्हणजे जखम. जीव जाणार नाही, पण घरी पाठवावंच लागेल, एवढीच खोल.