‘अभिजात’ संज्ञेचा प्रशासकीय अर्थ : चेन्नईच्या संदर्भात

साहित्यविचारात ‘अभिजात’ ही मूल्यवाचक संज्ञा आहे. भारतीय शासनव्यवहारात मात्र ती एक प्रशासकीय वर्गवारी आहे. या दोहोंची गल्लत टाळण्यासाठी केंद्रीय शिक्षण व संस्कृती मंत्रालयांच्या अधिकाराचे स्वरूप पाहणे आवश्यक ठरते.

ही मंत्रालये संसदेच्या स्वतंत्र कायद्यातून निर्माण झालेली नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७७(३) अन्वये केलेल्या १९६१च्या कार्यवाटप नियमांनी त्यांना विषय नेमून दिले जातात. अभिजात दर्जाचा उल्लेखही घटनेत नाही. तो केंद्र सरकारच्या निर्णयाने मिळतो. साहित्य अकादमीच्या कक्षेत संस्कृती मंत्रालयाने नेमलेली भाषातज्ज्ञ समिती त्याविषयी शिफारस करते. संशोधनसंस्था चालविण्याचे काम मात्र प्रामुख्याने शिक्षण मंत्रालयाकडे येते.

तमिळला हा दर्जा १२ ऑक्टोबर २००४ रोजी मिळाला. म्हैसूर येथे सुरू झालेले अभिजात तमिळचे केंद्र २००८ साली चेन्नईला आले. आज केंद्रीय अभिजात तमिळ संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राच्या अभ्यासाचा गाभा म्हणजे इ. स. ६००पर्यंतचे ४१ ग्रंथ. पुढे तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि ओडिया यांच्या दर्जाला आव्हान देणारी याचिकाही याच शहरातील मद्रास उच्च न्यायालयात दाखल झाली व २०१६ साली फेटाळली गेली.

साहित्यपरंपरा अन्य भाषिक समूहाकडून उसनी घेतलेली नसावी, हा या दर्जाचा एक निकष होता. देवघेव हाच ज्याचा विषय, त्या तौलनिक अभ्यासाला तो अडचणीचाच होता. २०२४ साली तो वगळण्यात आला आणि ज्ञानपर गद्यग्रंथ व शिलालेख यांच्या पुराव्याला स्थान मिळाले. महाराष्ट्राने २०१३ साली पाठविलेला प्रस्ताव त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मान्य झाला. त्याच दिवशी प्राकृतलाही स्वतंत्र दर्जा मिळाला.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ मराठीच्या प्राचीनतेचा आधार मानली जाते. भाषेने ती प्राकृताची आहे. आणि तिच्यातील प्रणयकवितेचे संघम काव्याशी असलेले साम्य जॉर्ज हार्ट यांनी १९७५ सालीच विस्ताराने मांडले आहे. म्हणजे एकाच ग्रंथाच्या अभ्यासासाठी तीन ‘अभिजात’ भाषांचे ज्ञान लागते. निकष बदलला, तरी दर्जा आणि संस्था यांची रचना भाषानिहायच आहे. चेन्नईतील ४१ ग्रंथ आणि ‘गाथासप्तशती’ एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणत्याही एका भाषेच्या संस्थेकडे आपोआप येत नाही. ती तौलनिक अभ्यासकांनीच स्वीकारावयाची आहे.