थंडीतली सायकल : वेळ बदला, सवय नव्हे

थंडी पडू लागली, की दवाखान्यात दरवर्षी एक विनंती येते, 'डॉक्टर, बाबांना आता सायकल बंद करायला सांगा.' बोलतो मुलगा किंवा सून. बाबा शेजारी गप्प बसलेले असतात.

सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात ज्यांनी आयुष्यभर सायकलनेच नोकरी केली, त्यांच्यापैकी एक गृहस्थ माझे रुग्ण आहेत. वय सदुसष्ट. निवृत्तीनंतरही एका दुकानाचे हिशेब लिहायला ते सायकलनेच जात, तेही भल्या पहाटे. गेल्या हिवाळ्यात चढावर त्यांच्या छातीवर दडपण येई, थांबले की ओसरे. तीन आठवडे त्यांनी कुणालाही सांगितले नाही. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, 'सांगितले असते, तर घरच्यांनी सायकल विकली असती.' तपासणीत हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली.

वाचकहो, थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक श्रम पडतात. त्यातच सकाळच्या प्रहरी रक्तदाब स्वभावतःच चढता असतो. पहाटेची गार हवा जमिनीलगत साचून राहते आणि शेकोट्यांचा व वाहनांचा धूर तिच्यातच अडकतो. दम्याच्या रुग्णांना ही कोरडी, गार हवा विशेष बाधते.

म्हणून शक्य असेल तर ऊन पडल्यावरच निघावे. निघण्यापूर्वी दहा मिनिटे घरातच हातपाय हलवून अंग ऊबदार करावे. एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे, कानटोपी व हातमोजे घालावेत. बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मफलर नाकावरून घ्यावा, पण त्याची टोके आत खोचावीत. बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. चढावर उतरून चालण्यात कमीपणा नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाची गोळी चुकवू नये. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

छातीत दडपण, जबडा किंवा हात भरून येणे, असह्य धाप, चक्कर यांपैकी काहीही जाणवले, तर तत्काळ थांबावे. थांबल्यावर बरे वाटले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही मिनिटांत बरे वाटले नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः सायकल चालवत रुग्णालयात जाऊ नये.

घरच्यांना माझे सांगणे एवढेच, की 'त्रास झाला तर सायकल बंद' अशी धमकी देऊ नका. त्या धमकीने सायकल बंद होत नाही, बोलणे मात्र बंद होते. त्याऐवजी वडीलधाऱ्यांशी करार करा : त्यांनी काही लपवायचे नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुम्ही सायकलीला हात लावायचा नाही.

ते गृहस्थ उपचारानंतर, आमच्या परवानगीने, पुन्हा सायकलवर जाऊ लागले आहेत. आता ते नऊ वाजता निघतात. दुकानाच्या मालकाने वेळ बदलून देण्यास तत्काळ होकार दिला. त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते.