लाल दिवा आणि बिबट्याचा वण

उसाच्या कडेच्या रस्त्यावर दिवस मावळताना बिबट्या मोटारसायकलवर झेपावला आणि मागे बसलेल्याच्या पोटरीवर नख्यांचे ओरखडे उमटले, अशी बातमी जुन्नर-आंबेगावात आता कुणाला नवी वाटत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. धरणांचं पाणी आलं तसा ऊस वाढला, आणि त्या उसातच बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या. हल्ल्याची बातमी दोन दिवस चालते. नंतर वर्षभर तो वण कसकसा बदलतो, हे फक्त घरचेच बघत असतात. नेमकी त्याच काळात मोबाइलवर जाहिरात येते: लाल दिव्याचा मुखवटा, रोज दहा मिनिटं, वण गायब.

हा दिवा थोतांड नाही. उजेडानं उपचार होतात, हे कावीळ झालेलं तान्हं बाळ निळ्या दिव्याखाली ठेवलेलं पाहिलं असेल त्याला वेगळं सांगायला नको. मात्र प्रत्येक रंगाचं काम वेगळं असतं, आणि लाल रंगाच्या कामाबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या मानानं सिद्ध झालेलं फार थोडं आहे.

गैरसमज: लाल दिवा म्हणजे शेकाचाच दिवा.

पोल्ट्रीत एक दिवसाची पिल्लं आली की ब्रूडिंगसाठी लाल बल्ब लावतात. फिजिओथेरपीवाल्याकडेही कंबर शेकायला तसाच दिवा असतो. हे दोन्ही दिवे उष्णतेसाठी आहेत. वणांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उपकरणात एलईडी असतात. त्यांचा उजेड साधारण 630 ते 660 नॅनोमीटरचा असतो, काहींत त्याच्या जोडीला डोळ्याला न दिसणारा 810 ते 850 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड असतो. त्यानं कातडी फारशी तापत नाही, तापू नये अशीच त्याची रचना असते. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातलं एक प्रथिन हा उजेड शोषून घेतं आणि त्यातून पेशींच्या कामाला चालना मिळते, असं त्यामागचं मुख्य स्पष्टीकरण आहे. घरी शेकाचा बल्ब वणावर धरून हा परिणाम मिळत नाही. उलट जुन्या वणाच्या जागी संवेदना कमी असते. चटका बसतो आणि फोड येईपर्यंत ते कळतही नाही.

गैरसमज: ही अगदी नवी, नासानं शोधलेली गोष्ट आहे.

नासाचं नाव वापरलं की माल खपतो. 1990च्या दशकात अंतराळात रोपं वाढवण्यासाठी लाल एलईडी वापरले गेले आणि त्यातून पुढे जखमांवर प्रयोग झाले, इतपत खरं आहे. पण 1967च्या सुमारास हंगेरीत एन्द्रे मेस्तर यांनी उंदरांवर कमी शक्तीचा रुबी लेझर वापरला होता आणि भादरलेल्या जागी केस लवकर उगवल्याचं त्यांना दिसलं होतं. त्याच्याही आधी डेन्मार्कचे नील्स फिन्सेन होते. 1893मध्ये त्यांनी देवीच्या रोग्यांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवायला सुचवलं. अंगावर वण राहू नयेत हाच त्यामागचा हेतू होता. लाल उजेड वण भरतो असं मात्र त्यांचं म्हणणं नव्हतं. सूर्यप्रकाशातले जांभळे-अतिनील किरण देवीचे फोड चिघळवतात, तेव्हा ते पडद्यानं अडवावेत, असा त्यांचा तर्क होता. हा उपाय पुढे टिकला नाही. फिन्सेन यांना 1903चं नोबेल मिळालं ते मुख्यतः त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचाराबद्दल. आपल्याकडे देवीच्या वणांचा प्रश्न लाल खोलीनं सुटला नाही, लसीनं सुटला.

गैरसमज: आधीचा आणि नंतरचा फोटो बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

सगळ्यांत जास्त माणसं इथेच फसतात. जखम भरली की वण तयार झाला, असं आपण धरून चालतो, पण खरं तर तेव्हा कुठे वणाचं काम सुरू झालेलं असतं. पहिल्या काही आठवड्यांत शरीर घाईघाईनं कोलॅजेनचे धागे टाकतं. वण तेव्हा लाल, फुगीर, कडक असतो आणि खाजतोही. मग वर्ष-दीड वर्ष तेच धागे काढले जातात, पुन्हा बसवले जातात. वण मऊ पडतो, चपटा होतो, रंगानं फिकट होतो. काहीही लावलं नाही तरी बहुतेक वणांचं असंच होतं. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात दिवा घेतला आणि दहाव्या महिन्यात फोटो काढला, तर श्रेय दिव्याला जातं. त्याच काळात कुणी खोबरेल लावलं असेल तर ते खोबरेलाला गेलं असतं.

म्हणूनच एकाच माणसाच्या दोन सारख्या वणांपैकी एकावर दिवा आणि दुसऱ्यावर काहीच नाही, अशी चाचणी झाली तरच तिला अर्थ असतो. अशा चाचण्या झाल्या आहेत, पण त्या छोट्या आहेत आणि बहुतेक शस्त्रक्रियेच्या ताज्या, सरळ, स्वच्छ वणांवर झालेल्या आहेत. त्यातून हाती लागतं ते इतकंच: ताज्या वणाचा कडकपणा थोडा कमी होऊ शकतो, वण नाहीसा होत नाही. बिबट्याच्या दाताची खोल, वेडीवाकडी जखम किंवा गुऱ्हाळावर काहिलीतला पाक उडून भाजलेली जागा यांच्यासाठी तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. पाच वर्षांचा पांढरा, खोलगट वण तर दिव्यानं भरून येत नाहीच.

गैरसमज: त्वचेच्या डॉक्टरकडचा लेझर आणि हा मुखवटा एकच.

दोन्ही गोष्टी उजेडाच्याच, पण दवाखान्यातला पल्स्ड डाय लेझर वणातल्या लाल रक्तवाहिन्यांवर नेम धरतो, तर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर कातडीत मुद्दाम बारीक बारीक जखमा करतो, म्हणजे ती नव्यानं भरून येईल. मुखवटा यातलं काहीच करत नाही. खोक्यावर ‘एफडीए क्लिअर्ड’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की आधीपासून बाजारात असलेल्या तशाच उपकरणाशी हे जुळतं. शिवाय ती मंजुरी बहुतेक वेळा सुरकुत्या, सौम्य मुरुमं किंवा दुखण्यासाठी असते. कशासाठी दिली आहे ते वाचावं.

गैरसमज: जितका जास्त वेळ, तितका जास्त गुण.

मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की परिणाम घटतो, कधी उलटतो. आपल्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अमेरिकेतल्या सुरक्षिततेच्या चाचण्यांत गोऱ्या त्वचेनं चौरस सेंटिमीटरला 480 जूलपर्यंतचा लाल उजेड सोसला, सावळ्या-काळ्या त्वचेची मर्यादा मात्र 320 जूलवरच ठरली. घरगुती मुखवट्यांची मात्रा याहून खूपच कमी असते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण मनानं मिनिटं वाढवू नयेत, डोळ्यांना चष्मा लावावा आणि उजेड सोसू न देणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गैरसमज: दवाखान्यात लगेच टाके घातले असते, तर वण राहिलाच नसता.

हा राग आपल्या भागात नेहमी ऐकू येतो. जनावर चावल्याच्या जखमेत रेबीजचा धोका असतो आणि दातांवरची घाणही आत गेलेली असते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुणं हा पहिला उपचार. त्यानंतर लस, आणि जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन. अशी जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत. रक्तस्राव थांबत नसेल किंवा चेहऱ्यासारखी जागा असेल आणि शिवावंच लागलं, तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर सैल टाके घालतात. त्यामुळे वण रुंद राहतो हे खरं, पण ही हलगर्जी नव्हे. हळद, मिरची पूड, चुना जखमेत भरून येणाऱ्यांचा वण मात्र विनाकारण वाढतो. त्यात धुण्याचा मोलाचा वेळ जातो तो वेगळाच.

मग वणासाठी काय करावं? जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. पट्टी रोज बारा तासांहून जास्त आणि निदान दोन-तीन महिने लावून ठेवायची असते. मुखवट्याच्या मानानं हा खर्च किरकोळ, आणि त्याला वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा आधार आहे. दिवसातून दोनदा बोटांनी हलका दाब देऊन चोळावं. आणि ऊन टाळावं. टोमॅटोची तोडणी, कांद्याची खुरपणी, द्राक्षबागेतली कामं करणाऱ्याला हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. तरी बाही, ओढणी, उपरणं यांनी वण झाकला तरी तो काळवंडण्याचं प्रमाण बरंच घटतं. कोवळ्या उन्हातही लाल उजेड असतोच म्हणून वणाला ऊन दाखवणारे भेटतात. त्या उन्हाबरोबर अतिनील किरणही येतात आणि वण काळा पडतो.

वण मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरत असेल तर तो केलॉइड. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडीच्या जागा. त्यावर दिवा लावत बसून महिने घालवू नयेत, त्वचारोगतज्ज्ञाकडून त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं लागतं. आणि मान, कोपर, बोटं यांच्यावरचा वण आखडून मान वळेना किंवा मूठ उघडेना असं होऊ लागलं, तर त्यावर उजेडाचा कुठलाही रंग चालत नाही. व्यायाम, पट्टी-स्प्लिंट आणि गरज पडली तर प्लास्टिक सर्जरी, हाच मार्ग. पुण्यात ससूनला तो विभाग आहे. जाताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावं, आणि जखमेच्या पहिल्या दिवसापासूनचे कागद सोबत ठेवावेत.