पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका

म्हातारपणी पाठीला बाक यायचाच, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तो बाक म्हणजे मणका दबून मोडल्याची खूण असते. पाळी गेल्यावर स्त्रियांच्या हाडांतील चुना झपाट्याने झिजतो. पुरुषांचाही झिजतो, पण सावकाश. वाळवीने आतून पोखरलेल्या वाशासारखे हाड होते. मग शेणाची पाटी उचलताना, कधी नुसते जोरात खोकतानाही मणका खचतो. डॉक्टर या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

अशा वेळी घरची मंडळी प्रेमानेच म्हणतात, "आई, आता तू नुसती बसून राहा." हे प्रेम महागात पडते. भार पडला तरच हाड तग धरते. बसून राहिल्याने ते आणखी विरते, मांड्यांचे बळ जाते आणि तोलही जातो.

पण वाटेल तो व्यायाम चालत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सिनाकी व मिकेलसेन यांनी १९८४ साली मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा १६ जणींचे मणके पुढे आणखी दबले. काहीच न करणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ६७ होते, आणि पुढे वाकण्याचा व्यायाम करणाऱ्यांत शेकडा ८९! पाहणी लहान खरी. पण पायाचे अंगठे धरण्याची कसरत वृद्धांना शिकवणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी.

मग करावे काय? भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर ताठ बसावे. कोपरे मागे नेऊन खांद्यांची पाती जवळ आणावीत, पाच अंक मोजावेत, सैल सोडावे. असे दहा वेळा. जमेल तर हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे, बसावे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. जवळ कोणीतरी असावे. कळ आली की थांबावे. ज्यांची उंची घटली आहे किंवा मणका मोडला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. फिजिओथेरपिस्ट भेटला तर उत्तमच.

आपल्या खानापूरकडे भाताची लावणी म्हणजे दिवसभर कंबरेत दुमडून राहणे. ती सुनामुलांवर सोपवावी. खालची वस्तू घेताना गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी, ओझे छातीशी धरावे. केरसुणीला लांब दांडा बांधावा. आहारात नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

आता चर्चमधली गोष्ट. मिस्सेच्या वेळी आजारपणामुळे गुडघे टेकता येत नसतील तर उभे राहण्यास धर्मसभेची मुभा आहे. अशांनी प्रतिष्ठापनेनंतर धर्मगुरू गुडघा टेकतात तेव्हा वाकून नमन करावे, असा नियम आहे. पण मणका मोडलेल्या आजीने कंबरेतून खोल वाकू नये. मान लववली तरी पुरे. उभेही राहवत नसेल तर खुशाल बसावे. येत्या रविवारपासून पुढचा बाक या वडीलधाऱ्यांसाठी मोकळा ठेवायला वेदीसेवक मुलांना सांगितले आहे.