किमान वेतन आणि नियोक्त्याचे उत्तरदायित्व : महाराष्ट्राच्या संदर्भात एक आकलन

प्रस्तावना :
श्रम ही साठवून ठेवता येणारी वस्तू नाही. आजचे काम नाकारले तर कामगाराची आजची मजुरी कायमची बुडते. त्यामुळे वेतनाच्या वाटाघाटीत तो मुळातच दुर्बल असतो. ही विषमता लक्षात घेऊन किमान वेतन अधिनियम, 1948 संमत झाला. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि तिने या अधिनियमाची जागा घेतली. प्रस्तुत लेखात नियोक्त्यांमध्ये आढळणाऱ्या काही गैरसमजांच्या अनुषंगाने या कायद्याचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

किमान वेतनाची संकल्पना :
1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कामगाराच्या कुटुंबाचे तीन उपभोग घटक धरून अन्न, वस्त्र, निवारा व इंधन यांवर आधारित निकष सुचविले. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात त्यांत शिक्षण, औषधोपचार इत्यादी गरजांची भर घातली. तत्पूर्वी 1982 मध्ये, एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 अन्वये निषिद्ध अशी वेठबिगारीच होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला होता.

नियोक्त्यांचे गैरसमज :
पहिला गैरसमज संमतीविषयीचा. ‘कामगाराने स्वखुशीने कमी पगार मान्य केला’ हा बचाव टिकत नाही. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने शून्यवत ठरतो. ‘धंदा तोट्यात आहे’ ही सबबही मान्य होत नाही.

दुसरा गैरसमज कंत्राटदारीचा. सफाई वा सुरक्षेचे काम कंत्राटदाराकडे सोपविले म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याचे दायित्व आस्थापनेच्या मालकावर येते.

तिसरा गैरसमज वेतनाच्या रचनेविषयी आहे. संहितेनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा रक्कम वेतनातच धरली जाते. समजा, एकूण मोबदला 20,000 रुपये असून त्यात असे भत्ते 14,000 रुपये आहेत. येथे निम्म्यावरील 4,000 रुपये मूळ 6,000 मध्ये मिळवून वेतन 10,000 रुपये मानले जाईल.

विशेष भत्ता व नोंदी :
महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर उद्योग, कौशल्य व परिमंडळ यांनुसार ठरत आले आहेत. मूळ दरावरील विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जानेवारी व जुलैपासून, म्हणजे वर्षातून दोनदा, बदलतो. अनेक लहान आस्थापनांत जुनेच पगारपत्रक चालू राहते आणि हेतू नसतानाही कायद्याचा भंग होतो. उदाहरणार्थ, 300 रुपयांची वाढ 12 कामगारांना सहा महिने दिली नाही, तर थकबाकी 21,600 रुपये होते. दाव्यात सक्षम प्राधिकारी थकबाकीव्यतिरिक्त तिच्या दहापटीपर्यंत, म्हणजे 2,16,000 रुपयांपर्यंत भरपाई देववू शकतो. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार नियोक्त्यावर असल्याने नोंदवही व वेतनचिठ्ठी यांना पुराव्याचे मोल आहे.

देय रकमेपेक्षा कमी वेतन दिल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या नियोक्त्याकडून पहिल्या अपराधापासून पाच वर्षांत तसाच अपराध पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

समारोप :
थोडक्यात, दर सहामाहीस दर तपासणे, मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत देणे, अतिकालिक कामाचा किमान दुप्पट मोबदला देणे आणि कंत्राटदाराची पगारपत्रके पडताळणे ही पथ्ये नियोक्त्याने पाळावयास हवीत. दंडाची रक्कम भरून निघते. परंतु अपुऱ्या वेतनामुळे शाळा सुटलेल्या मुलाची वर्षे भरून निघत नाहीत. किमान वेतन हा औदार्याचा विषय नसून व्यवसाय करण्याची पूर्वअट आहे, ही जाणीव नियोक्त्यांत रुजणे अगत्याचे आहे.