रणगाड्यांच्या गर्दीतली रोल्स-रॉइस

नगरला जुन्या गाड्या पाहायच्या तर कॅव्हलरी टँक म्युझियम गाठावं. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं ते फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलं. पॅटन रणगाड्याभोवती गर्दी जमते, ती जमणारच. मला मात्र तिथली रोल्स-रॉइस चिलखती मोटार जास्त मोलाची वाटते. चेसिस राजेमहाराजांच्या लाडक्या सिल्व्हर घोस्टची, इंजिन सहा सिलिंडरचं, सात लिटरहून मोठं. वर पोलादी पत्रा आणि मशीनगनचा फिरता बुरूज. एवढं ओझं लादूनही अशा मोटारी ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावत. पहिल्या महायुद्धातले रणगाडे तेव्हा माणसाच्या चालीनं सरकत होते! परिसर लष्करी आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.